कुणाचीच नसलेली भाषा आणि अर्ध्यांची भाषा

१८८३ पासून १८९२ पर्यंत ऑटोमन सुलतानाच्या वतीने लेबनॉनच्या डोंगरी प्रांताचा कारभार पाहणारा वासा पाशा हा उत्तर अल्बेनियातल्या श्कोदर गावचा कॅथलिक गृहस्थ होता. चर्च आणि मशीद विसरा, अल्बेनियन असणे हाच आपला धर्म समजा, असे आपल्या लोकांना सांगणारी त्याची कविता आजही अल्बेनियनांना तोंडपाठ असते, आणि ती त्याने श्कोदरच्या बोलीत लिहिलेली आहे. १८७९ साली इस्तंबूलमध्ये ज्या मंडळींनी अल्बेनियनसाठी वर्णमाला तयार करण्याचा घाट घातला, त्यांतही तो होता. पुढे हाच माणूस बैरूतमध्ये आला तेव्हा तिथे अरबी वर्तमानपत्रांची, छापखान्यांची आणि शब्दकोशांची धामधूम चालू होती. ज्या भाषेचे व्याकरण हजार वर्षांपूर्वीच ठरून गेले होते अशा भाषेच्या मुलखावर तो अंमल करत होता, आणि त्याच्या स्वतःच्या भाषेला अजून सर्वमान्य अक्षरेही नव्हती.

अरबी आणि अल्बेनियन यांचे आपसांत कुळाचे काहीही नाते नाही. अरबी ही सेमिटिक. अल्बेनियन इंडो-युरोपीय, म्हणजे लांबून का होईना पण मराठीच्याच गोतातली. अरबी बोलणारे मोरोक्कोपासून ओमानपर्यंत तीस कोटींच्या वर आहेत. अल्बेनियन बोलणारे सगळे मिळून साठ-सत्तर लाखांच्या आसपास. तरीही या दोन भाषांच्या बोली माझ्या मनात एकमेकींशेजारी येऊन बसल्या आहेत, त्याला कारण माझे स्वतःचे आहे. नोकरीच्या निमित्ताने शारजात राहिलो तेव्हा अरबी कानावर पडत राहिली, आणि पुढे हौसेने अल्बेनियन शिकलो तेव्हा अल्बेनियाची राजधानी तिराना आणि कोसोव्होची राजधानी प्रिश्टिना इथे जाऊन राहिलो. शिवाय माझे आजोळ खानदेशातले. घरात अहिराणी आणि पाटीवर पुण्याची मराठी, 'पानी' म्हटले की 'पाणी' म्हण असे सांगणारे गुरुजी, हे सगळे लहानपणी अनुभवलेले असल्यामुळे कुठल्याही भाषेत प्रमाण कुणाचे आणि बोली कुणाची, हा प्रश्न मला आधी सुचतो.

शारजातल्या आमच्या कचेरीत जेवणाच्या टेबलावर एक साधा 'आत्ता' हा शब्द किती रूपांनी येई ते ऐकण्यासारखे होते. इजिप्तचा भांडारपाल 'दिल्वअती' म्हणे, सीरियन अभियंता 'हल्ला', इराकी चालक 'हस्सा', ट्यूनिसचा हिशेबनीस 'तव्वा', आणि बाहेरून कुणी स्थानिक माणूस आला की 'अल्हीन'. मोरोक्कोचा कुणी असता तर तो 'दाबा' म्हणाला असता. यांतला एकही शब्द पुस्तकात आढळत नाही, कारण पुस्तकातला शब्द 'अल्आन' आहे आणि तो त्या टेबलावर कुणीच उच्चारत नसे. बातम्या लागल्या की मात्र तोच 'अल्आन' सगळ्यांच्या कानावर पडे आणि सगळ्यांना समजे.

एकदा ट्यूनिसच्या हिशेबनिसाने निघताना 'नेम्शी' म्हटले. त्याच्या बोलीत त्याचा अर्थ 'मी निघतो' असा होतो. भांडारपालाच्या कैरोच्या कानाला मात्र 'निम्शी' म्हणजे 'आपण निघू या'. तो बिचारा हातातला घास टाकून उठला आणि विचारू लागला की कुठे जायचे आहे. मगरिबच्या, म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या बोलींत प्रथमपुरुषी एकवचनालाही 'न' लागतो आणि अनेकवचनाला शेवटी आणखी एक 'ऊ' जोडतात. पूर्वेकडच्या बोलींत 'न' हा फक्त 'आम्ही'चा. क्रियापदाच्या तोंडी लागणाऱ्या एका व्यंजनाने अरब जगाची ही मोठी विभागणी होते आणि बोलींचे अभ्यासकही मगरिब कुठून सुरू होतो हे मुख्यतः याच खुणेवरून ठरवतात.

दुसरी खूण 'क़ाफ' या अक्षराची. घशाच्या अगदी मुळातून निघणारा हा उच्चार कुराण पठणात सगळीकडे सारखाच असतो. रोजच्या बोलण्यात मात्र हृदयाला पुस्तकातला 'क़ल्ब' म्हणणारे थोडेच. कैरो, दमास्कस आणि बैरूत या शहरांत तो 'अल्ब' होतो, कारण तिथे क़ाफच्या जागी नुसता घसा अडकवतात. आखातात आणि बदू, म्हणजे भटक्या अरबांच्या, वळणाच्या बोलींत 'गल्ब' होतो. पॅलेस्टाइनच्या काही खेड्यांत चक्क 'कल्ब' म्हणतात. पुस्तकी अरबीत 'कल्ब' म्हणजे कुत्रा. पण त्या खेड्यांत घोटाळा होत नाही, कारण तिथला कुत्रा 'चल्ब' झालेला असतो. बोली आपली घरे अशी आवरून ठेवतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की अशुद्ध बोलतात, आणि आत मात्र प्रत्येक ध्वनीची जागा ठरलेली असते.

एवढा विस्तार असूनही अरबांमध्ये, निदान मी ज्यांच्यात वावरलो त्यांच्यात, 'तुमच्या प्रांताची भाषा आमच्यावर लादली' ही तक्रार ऐकायला मिळाली नाही. याचे कारण उघड आहे. शाळेत शिकवली जाणारी पुस्तकी अरबी, म्हणजे फुस्हा, ही कुठल्याच प्रांताची नाही. कैरोच्या मुलाला ती जितकी शिकावी लागते तितकीच रबातच्या मुलालाही शिकावी लागते. आईच्या तोंडून ती कुणालाच मिळत नाही. एकाच समाजात लिहिण्याची एक आणि बोलण्याची दुसरी अशा दोन भाषा नांदण्याच्या या अवस्थेचे विवेचन चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९५९ साली केले आणि अरबी हे त्याच्या चार उदाहरणांपैकी एक होते. कुणाचीच नसल्यामुळे फुस्हा सगळ्यांची राहिली. तिची किंमतही सगळे सारखीच मोजतात: सहाव्या वर्षी शाळेत गेलेले मूल वाचायला शिकते ते अशा भाषेत, जिच्यात त्याने आयुष्यात एकदाही भूक लागली म्हणून सांगितलेले नसते. सीरियन अभियंत्याची मुलगी कार्टून पाहून फुस्हा बोलायला लागली होती, कारण लहान मुलांच्या मालिकांचे भाषांतर बहुधा फुस्हात होते. ती बापाशी भांडताना बातमीदारासारखी बोले आणि घरातले सगळे हसून घेत.

अर्थात बोलींचे राजकारण अरबीत नाही असे नव्हे. ते पाठ्यपुस्तकाऐवजी रस्त्यावर चालते. जॉर्डनची राजधानी अम्मान हे याचे चांगले उदाहरण आहे. १९४८ आणि १९६७ च्या युद्धांनंतर पॅलेस्टिनी निर्वासित तिथे मोठ्या संख्येने आले. मूळच्या जॉर्डनी टोळ्यांचा 'ग' आणि शहरी पॅलेस्टिन्यांचा अडकलेला घसा हे दोन उच्चार शेजारी आले. १९७० साली जॉर्डनचे सैन्य आणि पॅलेस्टिनी संघटना यांच्यात रक्त सांडले, आणि त्यानंतर क़ाफ कसा उच्चारता यावरून माणूस कुठला हे पाहिले जाऊ लागले. पॅलेस्टिनी घरांतले कित्येक तरुण बाहेर 'ग' बोलू लागले, तर त्याच घरांतल्या मुलींनी शहरी उच्चार धरून ठेवला. 'ग' हा मर्दानी आणि घसा अडकवणे हे नाजूक, असा समज तिथे रुजला. बगदादची गोष्ट आणखी वेगळी होती. तिथे बोली प्रांतावरून न ठरता धर्मावरून ठरत. 'मी म्हणालो' याला मुसलमान 'गिलित' म्हणत आणि ज्यू व ख्रिस्ती 'क़ल्तू'. १९५०-५१ मध्ये इराकमधले बहुतेक ज्यू देश सोडून गेले आणि बगदादची एक बोलीच शहरातून उठून गेली.

बोलींमध्ये वरचढ कोण म्हणाल तर कैरोची. हे मान कुठल्याही परिषदेने दिलेले नाही. कैरोचा चित्रपट, उम्म कुलसूमचे गाणे आणि १९५३ साली सुरू झालेली 'सौत अल्अरब' ही आकाशवाणी यांनी ते मिळवून दिले. म्हणून आमच्या टेबलावर ट्यूनिसचा माणूस इजिप्तच्या माणसाशी बोलताना आपली बोली वाकवी, आणि इजिप्तच्या माणसाला मात्र आपली बोली वाकवायची असते हे ठाऊकही नसे. अलीकडे तुर्की मालिका सीरियन बोलीत येऊ लागल्यापासून ती मक्तेदारी थोडी सैल झाली आहे. इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. ज्या कैरोला एकोणिसाव्या शतकात अरबी विद्येचे केंद्र म्हणून नवे दिवस आले, त्या कैरोवर १८०५ पासून १८४८ पर्यंत राज्य करणारा मुहम्मद अली हा अल्बेनियन वंशाचा सरदार होता. बुलाकचा सरकारी छापखाना त्याने काढला. त्याच्या दरबारात तुर्की चाले. एक अल्बेनियन माणूस अरबी छपाईचा पाया घालतो आणि त्या वेळी खुद्द अल्बेनियनमध्ये एकही सरकारी शाळा नसते, हा योगायोग मला वासा पाशाच्या कारकिर्दीइतकाच विलक्षण वाटतो.

फुस्हाचे छत्र नसते तर अरबी बोलींचे काय झाले असते, याचे उत्तर माल्टा बेटावर मिळते. तिथली माल्टीज ही मूळची अरबी बोलीच. पण लोक ख्रिस्ती झाले, कुराणाशी संबंध तुटला, सिसिलियन आणि इटालियन शब्दांची भर पडली, आणि रोमन लिपीत लिहिली जाणारी स्वतंत्र भाषा तयार झाली. १९३४ साली ती राजभाषा झाली आणि २००४ पासून युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांत तिची गणना होते. तिच्या वर्णमालेत क़ाफसाठी अक्षर आहे, आणि त्याचा उच्चार कैरोतल्यासारखाच घसा अडकवून करतात.

आता अल्बेनियनकडे यावे. इथे सगळे माप लहान आहे. देशाच्या मध्यावरून पूर्व-पश्चिम वाहणारी श्कुम्बिन नदी ही बोलींची सीमा. नदीच्या उत्तरेला गेग आणि दक्षिणेला तोस्क. कोसोव्हो, माँटेनेग्रो आणि उत्तर मॅसिडोनियाचा बहुतेक अल्बेनियन मुलूख गेगचा. चौदाव्या ते सोळाव्या शतकांच्या आगेमागे इटलीत आणि ग्रीसमध्ये गेलेल्यांच्या बोली तोस्क वळणाच्या. ज्या जागी गेगमध्ये दोन स्वरांमध्ये 'न' येतो तिथे तोस्कमध्ये 'र' येतो: 'आवाज' हा उत्तरेत 'झानी' आणि दक्षिणेत 'झरी'. देशाचे नावही यातून सुटलेले नाही. तोस्क लोक त्याला 'श्चिपरी' म्हणतात आणि गेग लोक 'श्चिप्नी'. स्लाव्ह भाषांतून उसने आलेल्या शब्दांत हा बदल झालेला दिसत नाही, म्हणून ही फूट स्लाव्ह लोक बाल्कनमध्ये स्थिरावण्याच्या आधीची असावी असे अभ्यासक मानतात. गेगमध्ये अनुनासिक स्वर आहेत, तोस्कमध्ये नाहीत. तोस्कमध्ये आपल्या 'अ'सारखा एक मधला स्वर जागोजागी येतो. शब्दाच्या शेवटी तो लिहितात आणि बोलताना बहुतेक वेळा गिळतात, त्यामुळे मराठी माणसाला तो शिकवावा लागत नाही.

खरा फरक क्रियापदात आहे. 'काम करणे' या अर्थाने गेगमध्ये 'मे पुनुए' असे सरळ रूप आहे. तोस्कमध्ये असे रूप नाही. तिथे वाक्य फिरवून 'की मी काम करावे' अशा धाटणीने सांगावे लागते किंवा दुसरे लांबट रूप वापरावे लागते. 'मी जाईन' हे गेगमध्ये 'काम मे श्कुए', तोस्कमध्ये 'दो त श्कोय'. तरीही उत्तरेतल्या श्कोदरचा माणूस आणि दक्षिणेतल्या जिरोकास्तरचा माणूस पहिल्या दिवसापासून एकमेकांशी बोलू शकतात. कासाब्लांका आणि बगदाद यांच्यातल्या अंतराच्या मानाने हे अंतर घरातल्या दोन खोल्यांएवढे आहे. आणि भांडण मात्र इथेच पेटले.

अल्बेनियनमधले सर्वांत जुने लिखित वाक्य १४६२ सालचे, बाप्तिस्म्याचा एक मंत्र; सर्वांत जुने पुस्तक १५५५ सालचे, कॅथलिक प्रार्थनाविधीचे. दोन्ही उत्तरेकडची. म्हणजे लेखनाची वडीलकी गेगची. पण एक धर्मग्रंथ सगळ्यांना बांधून ठेवतो आहे असे अरबीसारखे इथे काही नव्हते. कॅथलिक रोमन लिपीत लिहीत, ऑर्थोडॉक्स ग्रीक लिपीत, मुसलमान अरबी लिपीत. हे थांबवण्यासाठी नोव्हेंबर १९०८ मध्ये मनास्तिर, म्हणजे आजच्या बितोला गावी परिषद भरली. वर्णमाला ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते श्कोदरचे फ्रान्सिस्कन पाद्री आणि कवी ज्येर्ज फिश्ता. रोमन लिपीची छत्तीस अक्षरे आज वापरली जातात ती तिथली. १९१० साली तरुण तुर्कांच्या ऑटोमन सरकारने अल्बेनियन ही अरबी लिपीतच लिहावी असा आग्रह धरला. लोकांनी सभा घेऊन तो झुगारला. १९१२ मध्ये देश स्वतंत्र झाला. १९१६ साली श्कोदरमध्ये नेमलेल्या साहित्य मंडळाने प्रमाणभाषेसाठी एल्बासान गावची बोली सुचवली. हे गाव श्कुम्बिनच्या काठावरच आहे, तिथली बोली गेगची पण दक्षिणेला जवळची. मला ही सूचना फार शहाणपणाची वाटते. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात सरकारी कागद बव्हंशी त्याच वळणाने चालले.

१९४४ मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले. त्यांचा नेता एन्वर होजा जिरोकास्तरचा, पुढाऱ्यांपैकी बहुतेक दक्षिणेचे. फिश्ता चार वर्षांपूर्वीच वारला होता. त्याच्या साहित्यावर बंदी आली. ज्याने अक्षरे ठरवली त्याचे लेखन त्या अक्षरांत छापणे गुन्हा झाला. १९७२ च्या नोव्हेंबरात तिरानाला शुद्धलेखन परिषद भरली आणि तिने जी प्रमाणभाषा ठरवली तिचा सांगाडा तोस्कचा होता. गेगमधून शब्द घेतले गेले, हे मान्य करायला हवे. पण 'न'च्या जागी 'र', अनुनासिक स्वर बाद आणि 'मे पुनुए' बाद. अल्बेनियन बोलणाऱ्यांत गेग बोलणारे अधिक, आणि खुद्द तिराना नदीच्या उत्तरेला, म्हणजे गेगच्या मुलखात. राजधानीने आपल्याच आज्ज्यांची भाषा अशुद्ध ठरवली. (त्याच १९७२ मध्ये आमच्या मराठी लेखनाच्या चौदा नियमांत चार नियमांची भर पडून अठरा झाले. त्यांनी कुणाची कविता बंद केली नाही, एवढे समाधान आहे.)

हा निर्णय हुकूमशाहीचा म्हणून मोकळे होता आले असते. अडचण कोसोव्होची आहे. तिथे होजाची सत्ता नव्हती. तो युगोस्लाव्हियाचा भाग होता आणि तिथले लेखन गेग वळणाने चाललेले होते. तरीही एप्रिल १९६८ मध्ये प्रिश्टिनात भरलेल्या भाषाविषयक बैठकीत कोसोव्होच्या विद्वानांनी आपणहून तिरानाचे प्रमाण स्वीकारले, तेही तिरानाची परिषद भरण्याच्या चार वर्षे आधी. युगोस्लाव्ह सरकारी व्यवहारात कोसोव्होतल्या अल्बेनियनांना एक नाव होते आणि अल्बेनियातल्यांना दुसरे. दोन नावांचे दोन समाज आणि दोन समाजांच्या दोन भाषा होण्याआधी त्यांनी एक भाषा घेतली. १९७० मध्ये प्रिश्टिनाचे विद्यापीठ सुरू झाले तेव्हा तिथे तिरानाहून पुस्तके आणि प्राध्यापक आले.

प्रिश्टिनात ज्यांच्याकडे मी खोली घेतली होती त्या निवृत्त शिक्षिका होत्या. सगळी गल्ली त्यांना 'तेता', म्हणजे मावशी किंवा आत्या, म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. सप्टेंबरचे दिवस होते आणि अंगणात लाल मिरच्या भाजून त्यांची साले काढण्याचे काम चालू होते. फोनवर बहिणीशी बोलताना त्यांच्या तोंडी 'काम मे श्कू' आले, आणि फोन ठेवून माझ्याकडे वळल्याबरोबर त्या 'दो त श्कोय' म्हणाल्या, आवाजही वर्गातला झाला. मी विचारले, "तेता, तुम्ही घरी असं कधी बोलता का?"

"घरी? जन्मभर शाळेत शिकवलं, घरी एकदाही नाही," त्या म्हणाल्या. हात मिरच्यांतच होते.

"राग नाही येत?"

"राग कशाचा? तेव्हा आम्हाला तिराना हवं होतं. ते मिळायचं नव्हतं, म्हणून तिथलं व्याकरण घेतलं." मग थोडे थांबून त्यांनी पुस्ती जोडली, "राग माझ्या भाचीला येतो. तिला तिराना बसने जाता येतं ना."

हे उत्तर मला पुरते पटले. २००८ मध्ये कोसोव्हो स्वतंत्र झाला, डोंगरातून मोठा रस्ता झाला, आणि ज्या गरजेपोटी बोलीवर पाणी सोडले होते ती गरज तशी उरली नाही. भाचीला वर्गात 'झानी' म्हटल्यावर दुरुस्त केले जाते तेव्हा तिच्यासमोर राष्ट्र नसते, दक्षिणेचा माणूस असतो. ट्यूनिसच्या हिशेबनिसाला फुस्हात चुकल्यावर असे कुणी समोर दिसत नाही. तिथे चुकणारा कैरोचाही असतो आणि रियाधचाही. बोलींमधले अंतर कमी असले की भांडण कमी, असा माझा आधीचा समज होता तो दोन्ही ठिकाणी खोटा ठरला. शाळेतल्या फळ्यावरची भाषा कुणाच्या आईची आहे, यावर सगळे ठरते. अरबांच्या मुलांचा भार निःसंशय जड आहे, तरी तो सारखा वाटलेला आहे. अल्बेनियन मुलांचा भार हलका आहे, पण तो नदीच्या एकाच बाजूला पडतो.

लेखणीच्या बाहेर दोन्हीकडे लोकांनी आपापली वाट काढली आहे. अरब तरुण मोबाइलवर रोमन अक्षरांत आपली बोली लिहितात आणि ज्या ध्वनींना रोमन अक्षर नाही तिथे आकडे घालतात. 'ऐन'साठी तीन, घोगऱ्या 'ह'साठी सात. प्रिश्टिनाचे तरुण गेगमध्येच लिहितात आणि त्या मधल्या स्वराचे दोन टिंब बेलाशक गाळतात. फरक एवढाच की अरबीत हे लेखन शाळेत कधी पोहोचेल असे कुणी म्हणत नाही. फुस्हाच्या व्याकरणात भर घालण्याचा अधिकार कुठल्याही समितीकडे नाही. अल्बेनियनचे प्रमाण मात्र समितीने ठरवलेले आहे, ते ठरवलेल्याला अजून साठ वर्षेही झालेली नाहीत आणि समितीचे काम समितीला बदलता येते. 'मे पुनुए' परत घ्यावे, निदान दोन्ही रूपे शुद्ध मानावीत, अशी मागणी तिराना आणि प्रिश्टिना या दोन्ही ठिकाणी १९९० नंतर अनेकांनी केली आहे. वाक्य आटोपशीर होते, जुने लेखन वाचायला सोपे जाते आणि तोस्क बोलणाऱ्याचे काहीही जात नाही. विरोध करणारे म्हणतात की एक धागा सुटला की सगळे वस्त्र उसवेल. माझ्या मते ही भीती अवाजवी आहे, आणि ती घालणाऱ्यांपैकी मला भेटलेले सगळे श्कुम्बिनच्या दक्षिणेचे होते.